खातूनकडची ठेव

गुलटेकडीजवळच्या त्या शाळेत मार्केट यार्डातल्या हमालांची मुलं जास्त. विजयमाला शितोळे गणित शिकवायच्या आणि खातून शेख मराठी. नवे पालक आले की नावं ऐकून हमखास गोंधळायचे. एकदा एका पालकाने विचारलंच, "मॅडम, मराठी तुम्ही शिकवता?" खातून म्हणाली, "हो. तुमची हरकत नसेल तर व्याकरणासकट." विजयमालाबाईंना ती आवडायला लागली ती त्या दिवसापासून.

चौऱ्याण्णव साली विजयमालाबाईंची नीरजा गेली. एकोणीस वर्षांची पोर, साध्या काविळीचं निमित्त झालं आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. नवरा आधीच गेलेला, आता घरात त्या एकट्या. ते अकरा दिवस त्यांनी एकही देव सोडला नव्हता. उपास केले, नवस बोलले, देवघरातल्या बाळकृष्णाला तर हात जोडून सांगितलं होतं की मला ने, तिला ठेव.

तेराव्यानंतर त्या शाळेत आल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती. मधल्या सुट्टीत खातूनने डबा उघडला, तसं त्या म्हणाल्या, "मला नको. शाळा सुटली की नदीवर जायचंय."

"नदीवर कशाला?"

त्यांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. पितळेचा रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबाचा चांदीचा टाक. सासूने दिलेले, तीन पिढ्यांचे देव.

"टाकून देणार आहे. ऐकू येत नाही त्यांना."

खातूनने डबा बाजूला सारला आणि म्हणाली, "विजू, आज तू रागात आहेस. राग गेल्यावर नदीतून कोण काढून देणार आहे? माझ्याकडे ठेव."

"तुझ्याकडे? तुझ्या घरात हे चालेल?"

"मी काय पूजा करणार आहे का त्यांची? ठेव म्हणून सांभाळीन. आमच्यात ठेव सांभाळणं फर्ज असतं. तू मागशील तेव्हा परत देईन."

विजयमालाबाईंनी पिशवी तिच्याकडे सरकवली. खातून ती घेऊन घरी गेल्यावर तिचा नवरा अय्युब कुरकुरला होता, हे त्यांना पुढे कधीतरी कळलं. खातूनने त्याला एवढंच सांगितलं म्हणे, की ही मैत्रिणीची वस्तू आहे आणि कयामतच्या दिवशी तिचा जाब मलाच द्यायचा आहे.

वर्षं गेली. अय्युब वारला, दोघी निवृत्त झाल्या. विजयमालाबाईंनी देव मागितले नाहीत आणि खातूननेही कधी आठवण करून दिली नाही. दोघींचे वाद मात्र रंगायचे. "तुझा अल्ला तरी ऐकतो का गं?" विजयमालाबाई विचारायच्या. खातून म्हणायची, "ऐकत असावा. उत्तर देत नाही, एवढं खरं." तिला शंका नव्हत्या असं नाही. पण शंका आली म्हणून तिने नमाज सोडली नाही, आणि विजयमालाबाईंना, सोडलेले देव पुन्हा धर, असंही कधी म्हटलं नाही.

मग दोन हजार तेरा साल आलं. खातूनची घोरपडे पेठेतली इमारत पाडायला काढली. मुलगी जैनब बँकेत नोकरीला होती, मायलेकी भाड्याने जागा शोधत होत्या. विजयमालाबाई वारज्यात राहत होत्या आणि त्यांच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. त्यांनीच खातूनला तो सुचवला. मालक तयार झाला. तेवढ्यात सोसायटीच्या कमिटीची सभा बसली.

"आमचा वैयक्तिक विरोध नाही," चेअरमन आप्पासाहेब म्हणाले. "पण पायंडा पडतो. खाणंपिणं वेगळं, येणारीजाणारी माणसं वेगळी. काय शितोळेबाई?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई कमिटीच्या सदस्य होत्या. मी तिला वीस वर्षांहून जास्त ओळखते, एवढं एक वाक्य पुरे होतं. पण त्याच सोसायटीत आपल्याला म्हातारपण काढायचंय, आजारी पडलो तर याच लोकांची दारं वाजवायचीत, असं काहीतरी मनात आलं आणि जीभ उचललीच नाही. फ्लॅट त्यांना द्यायचा नाही, असा ठराव लिहून इतिवृत्ताची वही फिरत आली. त्यांनी सही केली.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. "अगं, तो फ्लॅट आधीच गेला कुणाला तरी."

खातून म्हणाली, "बरं झालं. दुसरा मजला, माझ्या गुडघ्यांना जमलंच नसतं."

इमारतीला लिफ्ट होती. खातून त्या लिफ्टने कितीदा तरी आली होती.

मायलेकी कोंढव्याला गेल्या. फोन चालू राहिले, पण आठवड्याचे महिन्यावर आले. भेटीत खातून तशीच होती, पण विजयमालाबाईंना तिच्याकडे नीट बघवेना. आज सांगू, उद्या सांगू म्हणत सहा वर्षं गेली. एका सकाळी जैनबचा फोन आला की अम्मी गेली.

त्या पोचल्या तेव्हा जनाजा निघून गेला होता. आठवड्याने जैनबने त्यांना पुन्हा बोलावून घेतलं आणि स्टीलचा एक डबा पुढ्यात ठेवला. आत मऊ सुती कापडात देव होते, सोबत कडुनिंबाचा वाळका पाला.

"दर वर्षी कापड बदलायची," जैनब म्हणाली. "एकदा मला विचारलं, घासून लख्ख करू का? मी म्हटलं, ते पूजेसारखं होईल. मग नुसतं कोरड्या फडक्याने पुसायची. मावशी, शेवटी दवाखान्यातसुद्धा म्हणाली, विजूची ठेव पोचव."

विजयमालाबाईंनी देव पुन्हा कापडात गुंडाळले. "फ्लॅटबद्दल ती कधी बोलली?"

"एकदाच. तुमचा फोन ठेवला आणि म्हणाली, विजूला खोटं बोलता येत नाही, किती त्रास झाला असेल तिला."

"आणि तुला काय वाटलं?"

"मला राग आला," जैनब सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली. "अजून आहे."

घरी येऊन त्यांनी देव जेवणाच्या टेबलावर मांडले आणि समोर बसून राहिल्या. माफी मागायची तर कुणाची? देवावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि जिच्यावर होता ती मातीत गेली होती. पंचवीस वर्षं त्या स्वतःला निर्भीड समजत होत्या, देवाला सोडायला धैर्य लागतं असं सांगत होत्या. आणि शेजारच्या चार माणसांपुढे एक वाक्य बोलता आलं नव्हतं. जिच्या धर्मात मूर्ती बसत नव्हती तिने मात्र त्यांच्यासाठी स्वतःच्या नवऱ्यालाही जुमानलं नव्हतं.

पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. "दोन हजार तेराच्या त्या ठरावावर माझी सही आहे. ती चूक होती. ती बाई माझी मैत्रीण होती, आणि मी गप्प बसले. हे लिहून घ्या." आप्पासाहेबांनी चष्मा पुसला आणि पाण्याच्या टाकीचा विषय पुढे घेतला. ते वाक्य वहीत आलं नाही, हे त्यांनी नंतर पाहिलं.

खातूनच्या चाळिसाव्या दिवशी त्या न बोलावता कोंढव्याला गेल्या. आत बायका कुराण वाचत बसल्या होत्या. दार जैनबने उघडलं. तिचा चेहरा बंदच होता. विजयमालाबाई उंबऱ्याबाहेर चपला काढू लागल्या.

"आत काढा," जैनब म्हणाली. "बाहेर चोरीला जातात."

त्या आत गेल्या. भिंतीशी एक मोकळी जागा होती, तिथे डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. वाचलेल्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी दुवेसाठी हात पसरले. त्यांचे हात मांडीवरच राहिले. डोळ्यांतलं पाणी मात्र त्यांनी पुसलं नाही.