बनुबाईचा भारा

"आजी, लाकडाचा भारा घ्या डोक्यावर," प्रवीण सर म्हणाले आणि बनुबाईचं तोंड उतरलं.

लेकीच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून ती सकाळपासून पडवीत बसली होती. पोलादपूरच्या शाळेतले हे चित्रकलेचे सर कष्टकऱ्यांची चित्रं काढत गावोगाव हिंडत होते, आणि आज कुडपणात आले होते.

"बसलेलीच काढा की गुरुजी. उबी तर जल्मभर हाय."

"बसलेल्या बायका सगळेच काढतात. तुमचं काम दिसायला हवं."

सर माणूस वाईट नव्हे. पण त्यांच्या डोक्यात चित्र आधीच काढून झालं होतं. लुगडंही रोजचंच हवं, म्हणाले. लहानसा भारा चालेल, असंही म्हणाले, पण तिथे बनुबाईचा मान आडवा आला.

"येवढुसा भारा बगून गाव हसंल."

भरला भारा एकटीला चढवता येत नाही, उतरवताही येत नाही. म्हणून या बायका रानात जोडीने जातात. शेजारच्या काशीबाईने भारा चढवला, सरांचं काम होईस्तोवर ती ताटकळत थांबली, मग उतरवला. त्या रात्री बनुबाईची मान वळेना.

महाडला सरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा दोघी एसटीने गेल्या. हिरवं लुगडं पुन्हा निघालं. चित्र हुबेहूब होतं. लोक म्हणत होते, "मानेच्या शिरा बघा, काय काढल्यात!" येत होते, बघत होते, पुढे जात होते. बनुबाईला आत कुठेतरी फार वाईट वाटलं. एवढ्या माणसांत तिचा भारा उतरवायला कोणी थांबत नव्हतं.

"गुरुजी, येक बसलेलं काढा ना माजं."

"पुढच्या वर्षी नक्की, आजी," सर म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. पुढच्या वर्षाचा भरवसा या वयात कोण देणार?

इतक्यात काशीबाईचे दोन्ही हात चित्राकडे गेले.

"ओ मावशी, हात लावायचा नाय," राखणदार ओरडला.

"उतरवत व्हते," काशीबाई म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. हात मात्र मागे घेता घेता तिने बनुबाईच्या मानेवर ठेवला.

"बस गो," ती म्हणाली.

दोघी तिथेच, चित्राखाली, फरशीवर फतकल मारून बसल्या. हिरवं लुगडं चांगलं ऐसपैस पसरलं. चित्र बघायला येणाऱ्यांना आता जरा वळसा घालून जावं लागत होतं.