घुमीचं बदक

"बाई, हे तर तुम्ही मोडलंच," मावशी म्हणाल्या.

बाईंनी मान वर केली नाही. बालवर्ग कधीचा सुटला होता. बुटक्या टेबलावर ओलं फडकं पसरलेलं होतं आणि बाईंच्या दोन तळहातांत मातीचा एक गोळा गरगर फिरत होता. मघापर्यंत त्याला आकार होता. म्हणजे बाईंच्या मते नव्हता: एक जाडजूड लोळा आणि त्याच्या एका टोकाला बोटानं ओढलेल्या रेघा.

"मोडलं कुठे, जरा नीटनेटकं करतेय. उद्या प्रदर्शन, पालक येणार, मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन येणार. त्यांना काय हे दगडधोंडे दाखवू?"

मावशी वर्ग झाडत होत्या. त्यांच्या झाडूचा आवाज वाढला.

बाईंचा हात मातीत बसलेला होता, यात वादच नाही. चिमटा काढला की चोच, अंगठा दाबला की शेपूट. प्रदर्शनात सगळी गर्दी त्यांच्याच टेबलाभोवती व्हायची. गंमत म्हणजे नव्या शिक्षिकांना शिकवायलाही त्यांनाच बोलावत. "मुलांचे हात मातीत जाऊ द्या, तुमचे पाठीमागे बांधा," या त्यांच्या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मात्र ते बांधलेले हात दरवर्षी सुटायचे. एवढीएवढीशी पोरं, आपण काल काय केलं ते त्यांच्या लक्षात कुठलं राहायला, अशी बाईंनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

हा गोळा घुमीचा होता. हे नाव बाईंनीच पाडलेलं, अर्थात लाडानं. शाळेत आल्यापासून ही पोर तोंड उघडायला तयार नव्हती. गाण्याच्या वेळी ओठ घट्ट मिटलेले, खेळाच्या वेळी पाठ भिंतीला चिकटलेली. पण काल तिनं मातीत हात घातला आणि जीभ बाहेर काढून ती जी रमली, ती घंटा झाली तरी उठेना. "हे काय गं?" असं बाईंनी विचारलं, तर चक्क उत्तर आलं.

"पाय."

"वा वा," म्हणून बाई पुढे गेल्या. पलीकडे एकानं दुसऱ्याच्या केसांत माती थापली होती.

आता त्या पायाचं बदक झालं. झालं मात्र झकास, खोटं कशाला बोला. बाईंनी त्याच्यापुढे घुमीच्या खऱ्या नावाची चिठ्ठी ठेवली आणि भिंतीवर दरवर्षीचा फलक लावला: 'हे सर्व मुलांनी स्वतःच्या हातांनी केले आहे.'

दुसऱ्या दिवशी घुमीची आई दुकानातून सुट्टी मागून तशीच आली. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायची तिची नोकरी. घुमी तिचं बोट धरून तिला ओढतच आत घेऊन आली. माकडं, हत्ती, टोपल्या मागे टाकून ती थेट आपल्या जागेपाशी गेली आणि थांबली. मग वाकून तिनं टेबलाखाली पाहिलं.

आईनं चिठ्ठी वाचली. "अगं बाई, बदक! किती गोड!"

"हे माझं नाही," घुमी म्हणाली.

शाळेत ती बोललेलं हे पहिलंच पूर्ण वाक्य, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

आई हसायला लागली. "ऐका बाई हिचं! परवापासून घरी एकच धोशा. आई, मी तुझा पाय केलाय, सुजलेला. रोज मी घरी आले की पाय चेपते ना माझे. म्हटलं, एवढं केलंय पोरीनं, तर जाऊन बघायलाच हवं. आणि इथे बघते तर बदक! हिनंच केलं ना हो हे?"

शेजारीच मोठ्या बाई पाहुण्यांना फलक वाचून दाखवत होत्या. बाईंच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. घुमी मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. पण बाई काय सांगतात याची ती नुसती वाट बघत होती, कारण बाईंना सगळं माहीत असतं.

"हो, तिचंच आहे," बाई म्हणाल्या. "मी फक्त कडा तेवढ्या नीट केल्या."

"बघ, बाईच सांगतायत," आई म्हणाली.

घुमीनं बदकाकडे पाहिलं. मग आईच्या पायांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "माझंच आहे."

मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांची नजर चुकवत बाईंनी उरलेला दिवस कसाबसा रेटला. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय, यंदाही गर्दी तुझ्याच टेबलाभोवती ना?" त्या "हो" म्हणाल्या आणि न जेवताच ताटावरून उठल्या. मुलांना खरं बोलायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोटं बोलायला शिकवायला एक मिनिटही लागलं नव्हतं. स्वतःचीच एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

प्रदर्शनानंतरची सुट्टी संपली, त्या दिवशी बाई सगळ्यांच्या आधी शाळेत आल्या. माती भिजवून मऊ केली. मुलं जमल्यावर घुमीजवळच्या पिटुकल्या खुर्चीत गुडघे दुमडून बसल्या.

"तू आईचा पाय केला होतास ना? तो मी मोडला. चुकलं माझं. तुझ्या आईलाही मी आज सांगणार आहे."

घुमीनं ऐकून घेतलं.

"परत करशील? मी हातसुद्धा लावणार नाही."

घुमीनं पुढ्यातला गोळा एका बोटानं बाईंच्या बाजूला सरकवला. मग ते बोट फ्रॉकला पुसलं.

"तुम्हीच करा," ती समजुतीनं म्हणाली. "तुम्हाला छान येतं. आईला बदक आवडलं."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. घुमीनंही शहाण्यासारखी हाताची घडी घातली. आजूबाजूला पोरांचा नुसता गलका चालला होता. दोघींच्या मधोमध गोळा तसाच पडून होता आणि वरून हळूहळू सुकायला लागला होता.