स्पिनमाळेवर चालणारे घड्याळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक बंद घड्याळ होते. माझ्या थोरल्या भावाने त्याच्याभोवती काळ्या मण्यांची माळ घातली आणि सेकंदकाटा चालू लागला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"मंडळी, ही क्वांटम स्पिनमाळ! सेल नको, चावी नको. विश्वातली फुकट ऊर्जा मण्यामण्यांतून उतरते. जी घड्याळ चालवते, ती हृदय नाही चालवणार?"

पहिल्या रांगेत आई बसली होती, गळ्यात तीच माळ. हृदयाच्या गोळ्या तिने सोडून दिल्या होत्या. माझे ऐकेचना. म्हणे, "अगं, तुझाच तर विषय!"

विषय माझाच होता, तेच झोंबत होते. प्रयोगशाळेत मी स्पिनसाखळ्यांवर काम करते. त्यांत ओळीत बसलेले अणू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे ऊर्जा सरकवतात. गरम टोकाकडून थंड टोकाकडे ती वाहते, तेव्हा कुठे क्वांटम घड्याळाची टिकटिक होते. जेवताना दादा हे सगळे खोदून खोदून विचारायचा. मला वाटायचे, बहिणीचे कौतुक आहे. कसले कौतुक, स्वारी भाषणाची तयारी करत होती!

आईची माळ घरी लोखंडी कपाटाला चिकटलेली पाहिली, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. मी उठून व्यासपीठावर गेले.

"खाली बस," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "घरचं घरी बोलू."

"आईने गोळ्या सोडल्या, तेही घरचंच होतं ना?"

मी घड्याळावरची माळ काढली. काटा थांबला. पर्समधून फ्रिजच्या दारावरचा शोभेचा चुंबक काढून घड्याळाला टेकवला. काटा चालू! मागचे झाकण उघडले, तर आत साधा सेल आणि त्याच्या तारेत काचेची इवलीशी नळी. चुंबक जवळ आला की नळीतल्या दोन पट्ट्या चिकटतात, वीज सुरू. दूर गेला की सुटतात, वीज बंद. मण्यांत चुंबक होते, एवढाच काय तो चमत्कार.

आई उभी राहिली. "लोकांचं सोड. मी गोळ्या बंद केल्या तेव्हा तू समोरच बसला होतास. तेव्हा तरी सांगायचंस रे."

दादा घड्याळाचे झाकण पुन्हा बसवू लागला.

घरी आल्यावर आईने गोळी घेतली. जिंकल्याचा आनंद मला झालाच नाही. माझा भाऊ मला परका झाला होता.

खऱ्या स्पिनसाखळीलाही प्रत्येक टिकटिकीसाठी ऊर्जा खर्चावी लागते. म्हणून विज्ञानाचे नाव घेऊन कोणी फुकटचा चमत्कार दाखवला, तर विचारा, ऊर्जा येते कुठून? झाकण उघडायला लावा. दाखवणारा आपल्याच घरात जेवणारा असला, तरीही.