अर्धा ट्रे

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेत कळावा म्हणून आमच्या लॅबला मशीन दिलंय. एका वेळी ते अख्खा ट्रे भरून नमुने तपासतं. अर्ध्या ट्रेलाही रसायन तेवढंच लागतं, म्हणून साहेबांचा हुकूम आहे की ट्रे भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मुलींना लस आणि बायकांना तपासणी, तीही सगळ्यात स्वस्तात, म्हणून वर त्यांचं कौतुक चाललंय. नमुने मात्र फ्रीजमध्ये पडून आहेत. मी दोनदा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आज दुपारी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, पोरीला लस द्यायला गेले, तेव्हा मीही तपासून घेतलं. दोष निघाला तरच कळवतो म्हणाले होते. काही कळवलं नाही, म्हणजे सुटले मी."

"मग आवाज असा पडलेला का?"

"मधूनच डाग पडतो. वयाचं असेल."

"वहिनी, तुमचा नमुना इथे आमच्याच फ्रीजमध्ये आहे, अजून तपासलेलाच नाही."

ती हळूच म्हणाली, "मी तर गल्लीभर सांगत सुटले, माझं काही निघालं नाही म्हणून. ते ऐकून बाकीच्या कशाला तपासायला जातायत?"

साहेबांचा हुकूम गेला खड्ड्यात. मी ट्रे काढून मशीनला लावला आणि बटण दाबलं. भरलेल्या नळ्यांत कुठेतरी वहिनी होती. रिकाम्या जागांत तिची अख्खी गल्ली होती.