झिवानायचा दावा

माझ्या धाकट्या भाच्याने, टोंगाईने, मुटारेहून रजा काढून येऊन पराडझाय सुतारावर दावा लावला. म्हणे, याने माझ्या भावाची बायको नादी लावली. भाऊ म्हणजे झिवानाय, बायको म्हणजे रुदायरो. झिवानायला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आमच्यात नवरा मेला म्हणून बाई लगेच सुटत नाही. वर्षाने नाचणीची दारू करून मेलेल्याच्या आत्म्याला घरी आणायचं आणि विधवेने सगळ्यांदेखत त्याची काठी ओलांडायची. तिचं पाऊल वाकडं पडलेलं असेल तर ती तिथेच मरते. जगली की मोकळी. टोंगाईला त्या दारूसाठी दोन वर्षं सवड झाली नाही, दंडाच्या गायी दिसल्यावर मात्र झाली. दावा शाबीत झाला तर रुदायरोचं घर जाणार होतं आणि दोन्ही मुली आमच्याकडे राहणार होत्या.

"मेलेल्याची कसली आलीय बायको?" पराडझाय गावप्रमुखासमोर तणतणला.

"घरी आणला नाही तोवर तोच तिचा नवरा," प्रमुख म्हणाले. "पण टोंगाई, फिर्याद नवऱ्याची. तू कोण?"

"त्याची काठी आणलीय की." काठी स्टुलावर ठेवली होती.

"मग पुकारा त्यालाच."

"जोरात पुकार रे, लांब गेलाय तो!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. घरी न आणलेल्याला नावाने हाक मारू नये, हे प्रमुखांना कळायला हवं होतं. मलाही. मीसुद्धा हसले.

तिसऱ्या पुकाऱ्याला खोकला ऐकू आला. झिवानायला मी वाढवलाय, तो खोकला त्याचाच होता. आला मात्र टोंगाईच्या तोंडून.

हसणं थांबलं. प्रमुखांनी कसंबसं विचारलं, "किती गायी हव्यात?"

"गायी नकोत," झिवानाय म्हणाला. "बायको पाठवा."

रुदायरोने मुलींना घट्ट धरलं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला.

"जिवंतपणी तिला धड नांदवलं नाहीस, आणि आता न्यायला आलायस? लाज नाही वाटत, मेल्या?" मी काठी उचलून तिच्या पायाशी टाकली. "ओलांड, पोरी."

"आत्याबाई, मी..."

"तोंड बंद. पाय उचल."

तिने उचलला. काठीवर तो किती वेळ अधांतरी होता कोण जाणे, शेवटी पलीकडे टेकला. टोंगाई धाडकन पडला. मग डोळे चोळत स्वतःच्या आवाजात म्हणाला, "पुकारून झालं का?"

रुदायरो जगली. दावा फेटाळला गेला. पुढच्या महिन्यात तिने पराडझायशी लग्न केलं, मुली तिच्याजवळच आहेत.

बायका मला विचारतात, म्हणजे ती खरंच निर्दोष होती? होती, मी ठासून सांगते. दाव्याआधी सुताराच्या घरातून तिला दोनदा बाहेर पडताना मी पाहिलं होतं, ते कुणाला सांगितलेलं नाही. हल्ली माझे पाय सुजतात, जेवण जात नाही, फार दिवस उरलेले नाहीत. तिकडे झिवानाय मला विचारणारच. त्याला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.