कुरडयांची परीक्षा

२००४ सालचा मे. माझा नवरा सुरेश कुवेतच्या राई भागातल्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. तिथली एक जुनी बस त्याने चालवून बघायला म्हणून थेट अबू हलीफाला आमच्या बिल्डिंगच्या अंगणात आणली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. तिथेच मी पहाटे घातलेल्या कुरडया वाळत होत्या. घटकाभरात त्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काजळी! मी असा काही तोंडाचा पट्टा सोडला की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

बसमधून रबिया उतरली. लागोसमध्ये तिची बससेवा होती आणि अशा बस ती कुवेतहून विकत नेणार होती. काळवंडलेली कुरडई उचलून ती म्हणाली, "माझी आई स्टॉपवर गुलगुले विकते. परातीवर सतत फडकं टाकावं लागतं, तरी धूर बसतोच. तिच्या छातीतही बसलाय. असल्या बस मी नेणार नाही."

सुरेश ओशाळला. "आमचा गॅरेजचा मुदीर म्हणतो, आफ्रिकेत धूर कोण बघतो? ही नसेल घेत तर आहे तशा दुसऱ्याला पाठवू."

माझं डोकंच फिरलं. "का, तिथल्या माणसांना फुप्फुसं नसतात? सांग तुझ्या त्या साहेबाला, पुढच्या शुक्रवारी मी बसच्या मागेच कुरडया घालते. पांढऱ्या राहिल्या तर रबिया सगळ्या बस घेईल."

"कबूल," रबिया म्हणाली.

आठवडाभर सुरेश राबला. वाळूने बुजलेला एअर फिल्टर फेकला, डिझेलचे नोझल उघडून साफ केले. मी मात्र आतून धास्तावले होते. बोलून बसले होते ना!

शुक्रवारी मुदीर स्वतः आला. मी बसच्या मागे खाटेवर कुरडया घातल्या. सुरेशने इंजिन चालू केलं, पुन्हा पुन्हा रेस दिली. ऊन चढलं, कुरडया कडक वाळल्या. रबियाने एक उचलली आणि सरळ मुदीरच्या पायघोळ पांढऱ्या अरबी दिशदाशाच्या बाहीवर ठेवली. बाही कुठली नि कुरडई कुठली, कळेना!

"सगळ्या बस अशाच करा," मुदीर पुटपुटला.

मी चक्क टाळ्या पिटल्या. त्याच कुरडया तळून सगळ्यांना वाढल्या. मुदीरने दोनदा मागून घेतल्या.

दिवाळीच्या सुमारास लागोसहून फोटो आला. स्टॉपवर आमची बस उभी होती आणि तिच्या अगदी मागे रबियाची आई गुलगुले विकत होती. परात उघडी होती. फडकं म्हातारीने खांद्यावर टाकलं होतं.