चौऱ्याऐंशी बल्ल्यांचं घर

रुपचंद ठेकेदारानं हात वर केले तेव्हा अभिमन कंडक्टरच्या घराचा स्लॅब चार दिवसांचा होता. नव्या स्लॅबवर एकवीस दिवस पाणी मारायचं आणि तोवर खालच्या टेकूच्या बल्ल्यांना बोट लावायचं नाही, हे धुळ्यात देवपुरातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. कोर्टाला तेवढं ठाऊक नव्हतं.

रुपचंद मूळचा पाचोऱ्याचा. एका वेळी सतरा घरं अंगावर घ्यायची आणि एकाचं सिमेंट दुसऱ्याच्या विटांना फासायचं, ही त्याची कारागिरी. शहाऐंशी सालच्या वैशाखात सिमेंटही संपलं आणि विटाही. मग त्यानं कोर्टातून स्वतःला नादार ठरवून घेतलं, म्हणजे कायद्याचा शिक्का मारलेला दिवाळखोर, आणि सुरतेची गाडी धरली. त्याच्या जंगम मालाची यादी झाली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘बल्ल्या लाकडी, नग चौऱ्याऐंशी.’ त्या चौऱ्याऐंशी जणी अभिमनच्या स्लॅबखाली डोकं लावून उभ्या होत्या.

कोर्टाचा गिरधर बेलिफ जप्तीचं वॉरंट आणि ट्रक घेऊन दारात आला.

“नाना, या बल्ल्या न्यायला आलोय.”

“न्या की. पण वरचा स्लॅब कोण धरणार? तुम्ही?”

गिरधरनं वर पाहिलं आणि हळूच दारापर्यंत मागं सरला.

“सतरा दिवस थांबा, गिरधरभाऊ. बायकोच्या पाटल्या आहेत त्या छपरात.”

“वॉरंटावर सतरा दिवस लिहिलेले नाहीत. एक करता येईल. सुपुर्तनामा लिहून द्या. माल कोर्टाचा, ताबा तुमचा. आहे तिथंच ठेवायचा, कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवायचा नाही.”

अभिमन म्हणजे तीस वर्षं एस.टी.त काढलेला माणूस. गाडीत सापडलेल्या बेवारस गाठोड्यांसाठी डेपोत सह्या करून करून त्याचा हात सैल झालेला. त्यानं दोन प्रतींवर फर्रकन सही ठोकली आणि वर गिरधरला चहा पाजला.

एकवीस दिवस झाले. स्लॅब दगडासारखा पक्का झाला. अभिमन कोर्टात गेला आणि म्हणाला, आता न्या. कोर्ट म्हणालं, पुढची तारीख.

मग नादाराचा माल सांभाळणारा कोर्टाचा रिसिव्हर बदलला. मग न्यायाधीश बदलले. मग फाइल जिल्हा कोर्टात गेली, ती परत यायला नदीला दोनदा पूर येऊन गेला. तोवर भाड्याची खोली सुटली होती. अभिमनची बायको लिलाबाई खोलीतून निघाली ती नव्या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली.

“आठे रांधू कोठे आनि झोपू कोठे?” तिनं विचारलं. “बठ्ठ्या बल्ल्या निंघतीन तवय मी घरमा येसू.” सगळ्या बल्ल्या निघेपर्यंत घरात पाऊल नाही, असं बजावून ट्रंक उचलून ती भावाकडं दोंडाईच्याला गेली.

अभिमनला जाता येईना. कोर्टाचा माल राखायचा होता. हातभर अंतरावर एकेक बल्ली. खाट आडवी मावेना, उभी ठेवावी तर झोपता येईना. तो धोतराची वळकटी उशाला घेऊन सापासारखा वाकडातिकडा झोपायचा. सहा वर्षांत त्याच्या पाठीला नऊ बाक आले, असं देवपुरात शपथेवर सांगतात. सकाळी उठल्यावर पहिल्या बल्लीला कपाळ आपटायचं, तेच त्याचं घड्याळ. मग तो डेपोतला जुना तिकिटांचा चिमटा कटकट वाजवत ओरडायचा, “पुढं सरका! उभ्यांची परवानगी अकराची, आणि चढलात चौऱ्याऐंशी!” कोणी सरकायचं नाही. एस.टी.तही कोणी सरकत नव्हतं म्हणा.

गिरधर दर तीन महिन्यांनी मोजायला यायचा.

“नाना, जप्त मालावर टॉवेल?”

“मग कुठं वाळवू? तुमच्या डोक्यावर?”

“तसा शेरा लिहावा लागेल.” आणि तो खरंच लिहायचा.

दर रविवारी लिलाबाई दोंडाईच्याहून भाकरी आणि भरीत घेऊन यायची. डबा उंबऱ्यावरून आत सारायची आणि स्वतः बाहेर रेतीच्या ढिगावर बसायची. नवरा आत, बायको बाहेर, अशा दोघांच्या पंगती उठायच्या. “आते कवय?” ती विचारायची. “पुढची तारीख,” तो म्हणायचा. पाचव्या वर्षी तिनं विचारणं सोडलं. ते मात्र अभिमनला बल्लीपेक्षा जोरात लागलं.

आता कोपऱ्यातल्या बल्लीचं सांगतो. रुपचंदकडं शेवटी वाळलेल्या लाकडाला पैसा नव्हता. त्यानं कुणाच्या तरी बांधावरचा ओला पांगारा तोडून तोच उभा केला होता. फरशी झालेली नव्हती, खाली काळी माती, वरून एकवीस दिवस पाझरलेलं पाणी. दुसऱ्या पावसाळ्यात बल्लीला पालवी फुटली. अभिमन घाबरला. कोर्टाचा माल, उद्या सुकला तर जाब कोण देणार? तो तिला रोज दोन तांबे पाणी घालू लागला. चौथ्या वर्षी फांदी खिडकीबाहेर गेली, आणि सहाव्या वर्षी फाल्गुनात तिच्यावर लालभडक फुलं आली. गल्लीतल्या मैना सरळ घरात राहायला आल्या. त्यांना कुणी सुपुर्तनामा मागितला नाही.

त्याच फाल्गुनात हुकूम आला: माल उचलावा.

लिलाबाई ट्रंक, स्टोव्ह, पाटा-वरवंटा घेऊन सकाळीच हजर झाली आणि उंबऱ्याबाहेर पदर खोचून उभी राहिली. पहिली बल्ली निघाली तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. स्लॅब जागचा हलला नाही. एकेक करत ट्रक भरला. गिरधर मोजत होता.

“त्र्याऐंशी. एक कुठंय?”

“ती काय कोपऱ्यात.”

गिरधर पांगाऱ्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. “नाना, हे झाड आहे.”

“बल्लीच आहे. पानं नंतर आली.”

“हिची मुळं जमिनीत गेलीत. मुळं धरलेली वस्तू स्थावर. माझ्या हुकमात जंगम लिहिलंय. हिच्यासाठी वेगळा अर्ज लागेल. आणि यादी चौऱ्याऐंशीची असताना मी त्र्याऐंशी जमा करू शकत नाही. भाऊ, उतरवा रे माल!”

हमालांनी ट्रकमधली पहिली बल्ली खरंच खाली घेतली. अभिमन त्या बल्लीपुढं आडवा झाला.

“सहा वर्षं! गिरधरभाऊ, मी नोकरीत असतो ना, तर तुम्हाला भर जंगलात उतरवून दिलं असतं!”

“शेरा लिहावा लागेल,” गिरधर म्हणाला आणि पेनाचं टोपण काढू लागला.

तेवढ्यात दोघांच्या मधून लुगड्याचा सपकारा गेला. शेजारच्या जीवरामची कुऱ्हाड लिलाबाईच्या हातात कधी आली, हे जीवरामलाही कळलं नाही. तिनं उंबरा ओलांडला, सरळ कोपरा गाठला आणि बुंध्यावर घाव घातला. मैना खिडकीतून उडाल्या. सातव्या घावाला पांगारा फुलांसकट आडवा झाला.

“घ्या, बेलिफभाऊ,” ती धापा टाकत म्हणाली. “आते व्हयनं का जंगम?”

गिरधरनं झाडाकडं पाहिलं, कुऱ्हाडीकडं पाहिलं, आणि यादीवर लिहिलं: ‘चौऱ्याऐंशी. पैकी एक, ओली.’

ट्रक गेला. रिकाम्या घरात मातीला त्र्याऐंशी खड्डे होते, जमिनीवर लाल पाकळ्या. अभिमन दाराकडून यायला निघाला तो नेहमीसारखा नागमोडीच.

“सरळ चाला ना!” लिलाबाई ओरडली. तिनं बुंध्याच्या उरलेल्या खुंटावर टाच दाबून पाहिली. खुंट घट्ट होता.

“यावर तवा नई बसाव,” ती म्हणाली, “पन पाटा बसी. आना.”